नंबर राहो, उभे राहणे टळो

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. नातवंडांच्या परीक्षा संपल्या होत्या, पुण्याहून मुलगा आणि सून आली होती, आणि भाच्याचे कुटुंब धरून आम्ही अकरा जण शहराबाहेरील एका करमणूक उद्यानात गेलो होतो. नागपूरचा मे महिना वाचकांना नव्याने सांगावयास नको. सकाळचे साडेदहाही वाजले नव्हते, तोच टोपीतून ऊन जाणवू लागले होते. माझा सात वर्षांचा नातू टॉय ट्रेनपाशी थांबला. त्याला त्या गाडीत बसावयाचे होते, आणि तेही माझ्या शेजारीच.

रांग बरीच लांब होती. भाच्याने रांगेकडे पाहिले, मग माझ्या हातातील काठीकडे पाहिले, आणि तो म्हणाला, "मामा, तुम्ही पुढे व्हा. ज्येष्ठांना आधी सोडतात. आम्ही तुमच्या मागोमाग येतो." मी क्षणभर घुटमळलो, पण 'नको' म्हणालो नाही. फाटकावरच्या मुलाने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून आदबीने दोर उचलला. "या, आजोबा," असे तो म्हणाला आणि माझ्यामागून दहा जण आत आले. गाडीत जेमतेम तीस जागा होत्या. आमचे अकरा जण बसताच ती भरली आणि रांगेच्या अगदी तोंडाशी असलेल्या तीन-चार कुटुंबांना पुढच्या फेरीसाठी थांबावे लागले. त्यांत ऐंशीच्या घरातील एक आजी होत्या. डोक्यावर ओला रुमाल, एका हाताला नात. गाडी सुटताना आमची नजरानजर झाली.

फेरी संपवून आम्ही उतरलो तेव्हा फाटकापाशी माणसे गोळा झाली होती. त्या आजी जमिनीवर बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम होता. चाळीस वर्षे वैद्यकी केलेली असल्यामुळे मी पुढे झालो. आम्ही त्यांना सावलीत आडवे केले, पायांखाली दोन पिशव्या ठेवल्या, वारा घातला. हळूहळू नाडी सुधारली. मुलीने सांगितले की, सकाळी रक्तदाबाची गोळी झाली होती, लघवी साफ होण्याची गोळी झाली होती, आणि "तिथे बाथरूमची सोय कशी असेल कोण जाणे" म्हणून आजींनी घरून निघाल्यापासून पाणी घेतले नव्हते. रांगेत पाऊण तासाहून अधिक वेळ त्या उभ्या होत्या. डोळे उघडल्यावर त्यांनी मला ओळखले. "झाली का जी तुमची गाडी फिरून?" असे त्यांनी विचारले. त्या विचारण्यात राग मुळीच नव्हता. मला मात्र उत्तर देता आले नाही.

परतताना मोटारीत नातू म्हणाला, "आबा, आपण मध्ये घुसलो होतो ना?"

त्या आजींना भोवळ केवळ आमच्यामुळे आली, असे म्हणता येणार नाही. ऊन होते, औषधे होती, पोटात पाणी नव्हते. परंतु त्यांच्या उभे राहण्यात एका फेरीची भर आम्ही घातली, हे खरे. आणि ती भर माझ्या वयाच्या नावाने घातली गेली, हे मला अजून बोचते. म्हणून या पंधरवड्यात रांगेविषयी लिहीत आहे.

उभे राहणे हेही श्रमच

तरुण माणसाला रांगेत वेळ जातो. वृद्धाची शक्ती जाते. आपण उभे राहतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाने अर्धा लीटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांत उतरते. निरोगी शरीर लगेच रक्तवाहिन्या आकुंचित करते, हृदयाचे ठोके किंचित वाढवते आणि मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळते. वय वाढते तशी ही तत्परता मंदावते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत, कंपवाताच्या रुग्णांत ती आणखी मंद होते. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवीचे प्रमाण वाढविणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटच्या वाढीसाठी दिली जाणारी काही औषधे आणि नैराश्यावरील काही औषधे यांमुळेही उभे राहिल्यावर दाब घसरू शकतो.

चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात आणि रक्त वर ढकलतात. म्हणूनच पोटरीला पुष्कळदा 'दुसरे हृदय' म्हटले जाते. रांगेत हा पंप बंद असतो. अर्धा तास चालू शकणारे आजोबा अर्धा तास स्थिर उभे राहू शकतीलच असे नाही, ही गोष्ट घरातील तरुणांच्या लवकर लक्षात येत नाही. "काल तर बागेत तीन चकरा मारल्या, आज एवढ्यात थकलात?" असे सहज विचारले जाते. त्यात उन्हाची भर पडली की त्वचेकडील रक्तवाहिन्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी रुंदावतात, घामावाटे पाणी जाते आणि दाब आणखी उतरतो. भरपेट जेवणानंतरच्या एक-दोन तासांतही काही वृद्धांचा दाब खाली येतो. शिवाय वाढत्या वयात तहानेची जाणीव बोथट होते, त्यामुळे पाणी कमी पडल्याची सूचना शरीराकडून वेळेवर मिळत नाही. गुडघ्यांचे दुखणे, लघवीची घाई आणि धक्का लागून पडण्याची भीती या तीन गोष्टी वेगळ्याच.

घरच्या घरी एक साधी पाहणी करता येते. पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजावा. मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. त्या वेळी शेजारी कोणीतरी असावे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० अंकांनी उतरत असेल, तर ती नोंद आपल्या डॉक्टरांना दाखवावी. गोळी मात्र मनाने बंद करू नये.

सवलत कोणाची?

वृद्धांसाठी वेगळी रांग ही उपकाराची गोष्ट नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह आणि कल्याणासाठी २००७ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या २०व्या कलमात वैद्यकीय साहाय्याच्या तरतुदी आहेत, आणि ज्येष्ठांसाठी स्वतंत्र रांगांची व्यवस्था करण्याची जबाबदारी तेथे राज्य शासनावर टाकलेली आहे. साठ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती या कायद्याने ज्येष्ठ ठरते. रिझर्व्ह बँकेनेही नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सूचना दिली की, ज्येष्ठ व दिव्यांग ग्राहकांसाठी वेगळी अथवा प्राधान्य देणारी खिडकी असावी, आणि सत्तर वर्षांवरील ग्राहकांना काही मूलभूत सेवा घरी मिळाव्यात. रुग्णालयात किंवा बँकेत अशी रांग नसेल, तर ती मागण्यात संकोच बाळगू नये.

परंतु ही सवलत वृद्धाच्या शरीराच्या गरजेपोटी आहे. ती त्याच्या सोबत आलेल्या धडधाकट दहा जणांना लागू होत नाही. करमणूक उद्यानात, जत्रेत, देवळात नेमके हेच विसरले जाते. घरातील म्हातारे माणूस हे चालते-बोलते प्रवेशपत्र होऊन बसते. एरवी ज्यांना "तुम्ही घरीच थांबा, दगदग होईल," असे सांगितले जाते, त्यांना गर्दीच्या ठिकाणी मात्र आग्रहाने पुढे केले जाते. यात वृद्धाचा मान वाढतो, असे मला वाटत नाही.

अमेरिकेतही हा प्रकार घडला आहे. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातील डिस्नीच्या उद्यानांत दिव्यांग पाहुण्यांना रांगेत तिष्ठावे लागू नये म्हणून एक कार्ड दिले जात असे. काही सधन कुटुंबे दिव्यांग व्यक्तींना पैसे देऊन सोबत नेतात आणि त्यांच्या आधाराने रांगा ओलांडतात, असे वृत्त २०१३च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाले आणि मोठा गवगवा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नीने ते कार्ड रद्द करून नवी पद्धत आणली. तिच्यात पाहुण्याला परत येण्याची वेळ दिली जाऊ लागली, आणि ती वेळ त्या क्षणी रांगेतील इतरांना जितके थांबावे लागणार आहे त्याच हिशेबाने ठरत असे. रांगेत पाऊण तास लागणार असेल, तर पाहुण्यानेही साधारण तेवढाच वेळ थांबावयाचे, मात्र ते सावलीत, बसून किंवा काही खात. काही मुलांना थांबणेच अशक्य असते, त्यांच्या पालकांनी या बदलाबद्दल तक्रारीही केल्या, आणि त्या अवास्तव नव्हत्या. तरीही आपल्यासारख्या बहुसंख्य वृद्धांना या पद्धतीतून एक नेमकी गोष्ट शिकता येते. आपल्याला थांबण्याचे कष्ट नसतात, उभे राहण्याचे असतात. मग मागावयाचे ते एवढेच की आपला नंबर राहावा आणि उभे राहणे टळावे.

काही उद्यानांत जादा दराची तिकिटे घेऊन वेगळ्या दाराने आत जाण्याची सोय असते. खोपोलीजवळच्या इमॅजिकातही अशी तिकिटे मिळतात. ती पद्धत कोणाला रुचेल, कोणाला रुचणार नाही. परंतु ती सर्वांसमोर जाहीर केलेली असते. काठी पुढे करून दहा जणांना आत नेणे हा त्याहून निराळा प्रकार आहे.

आपल्याकडील जाण

रांग पाळणे आपल्या रक्तात नाही, असे म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे. मला ते पटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. स्तूपाच्या दिशेने सरकणाऱ्या त्या रांगांत खेड्यांतून आलेली म्हातारी माणसे असतात, कडेवर लेकरे घेतलेल्या बाया असतात. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक उभे असतात, आणि रांग पुढे जात राहते. शेगावला श्री गजानन महाराजांच्या मंदिरातील सेवेकरी लहानथोर प्रत्येकाला "माउली" म्हणून हाक मारतात आणि हात जोडून पुढे सरकण्यास सांगतात. ज्याला "माउली" म्हटले जाते, त्याला मध्ये घुसण्याचे धाडस होत नाही. रांगेत प्रत्येकाची दखल घेतली जाते, अशी खात्री असली म्हणजे माणसे शांतपणे थांबतात.

आपल्या मेडिकलच्या किंवा मेयोच्या नोंदणीच्या खिडकीपाशी तर हा शहाणपणा रोज दिसतो. मुलगा चिठ्ठी घेऊन रांगेत उभा असतो, आई भिंतीशी बाकावर बसलेली असते. नंबर जवळ आला की तो हात करतो आणि आई उठते. कोणी कोणाच्या पुढे जात नाही. टॉय ट्रेनच्या रांगेत आम्हाला हे सुचले असते, तर त्या दिवशी कोणाचेच काही बिघडले नसते.

रांगेतील रीत

काही गोष्टी मी त्या दिवसानंतर स्वतःसाठी ठरविल्या आहेत. वाचकांनाही त्या उपयोगी पडाव्यात.

पहिली गोष्ट, सवलतीच्या रांगेत वृद्धाबरोबर एकच सोबती असावा. लहान नातवंड बरोबर हवेच असेल, तर दोन. बाकीच्यांनी साध्या रांगेतून यावे. आत गेल्यावर भेटता येते. गाडीत शेजारी बसण्याचा आग्रह असेल, तर त्यांचा नंबर येईपर्यंत आपण बाकावर बसावे.

दुसरी गोष्ट, जागा सोडून बसावयाचे असेल तर मागच्यांना सांगून जावे. "मला फार वेळ उभे राहवत नाही. माझा नंबर तुमच्या पुढे आहे. मी त्या बाकावर बसतो, नंबर आला की येतो," एवढे एक वाक्य पुरते. पुढे सोडण्याची विनंती करावयाची असेल, तीही मागे राहणाऱ्या सर्वांना ऐकू जाईल अशी करावी. दोर उचलणाऱ्या कर्मचाऱ्याचे त्यात काही जात नाही. वेळ जातो तो आपण ज्यांना ओलांडले त्यांचा.

तिसरी गोष्ट, जागा धरण्याला मर्यादा असावी. आईसाठी मुलाने जागा धरणे सर्वांना समजते. एकाने उभे राहायचे आणि ऐन वेळी नऊ जणांनी येऊन मिळायचे, हे कोणालाही खपत नाही. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील १२९ रांगांत मुद्दाम माणसे घुसवून लोक काय करतात, हे पाहिले होते. तो अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. एकच जण घुसला तेव्हा साधारण निम्म्या रांगांत हरकत घेतली गेली; दोघे घुसले तेव्हा दहापैकी नऊ रांगांत. लोक अडलेल्या एकट्या माणसाला बरेच सांभाळून घेतात. टोळी दिसली की त्यांचा धीर सुटतो.

चौथी गोष्ट, दुसऱ्याने रांग मोडली तर भांडण अंगावर घेऊ नये. पुष्कळदा समोरच्याला रांग कोठून सुरू होते, हेच दिसलेले नसते. "ताई, रांग त्या खांबापासून आहे," असे एकदा शांतपणे सांगावे. त्याने भागले नाही तर कर्मचाऱ्याला सांगावे आणि विषय सोडून द्यावा. उन्हात उभे राहून आवाज चढविणे हृदयविकार व रक्तदाब असलेल्यांना परवडणारे नाही. शिवाय सर्व आजार चेहऱ्यावर दिसत नाहीत. पुढे सोडलेल्या तरुणाला अपस्मार असेल, शांत दिसणाऱ्या मुलाला गर्दीचा गोंगाट असह्य होत असेल. तो संशयाचा फायदा प्रत्येकाला द्यावा.

निघण्यापूर्वी, आणि भोवळ आल्यास

सोबत नेणाऱ्यांनी वेळ निवडून निघावे. नवतप्याच्या दिवसांत वृद्धांना करमणूक उद्यानात नेऊच नये. एरवीही उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे. सुटीचा दिवस टाळता आला तर रांग आपोआप लहान होते. आत शिरताच आधी तीन जागा पाहून ठेवाव्यात: बसण्याची, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहाची. स्वच्छतागृह कोठे आहे हे एकदा दिसले की आजी-आजोबा निर्धास्तपणे पाणी पितात. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी, ताक किंवा पन्हे देत राहावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाण्याची मर्यादा सांगितली आहे, त्यांनी ती पाळावी. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी कधी घ्यावी, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. घडीचे हलके स्टूल बाजारात मिळते, तेही जवळ असावे.

उभे राहणे अटळच असेल, तर गुडघे ताठ आवळून उभे राहू नये. अधूनमधून टाचा उचलाव्यात, जागच्या जागी पावले टाकावीत. डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, एकाएकी घाम, सारख्या जांभया, मानेत व खांद्यांत ओढ ही सर्व दाब उतरत असल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी लाज न बाळगता, आहोत तेथे खाली बसावे. बसणे शक्य नसेल आणि आधाराला कठडा असेल, तर एक पाय दुसऱ्यावर आवळून धरावा आणि मांड्यांचे स्नायू घट्ट करावेत. त्याने काही क्षणांची उसंत मिळते.

भोवळ आलीच, तर माणसाला आडवे करून पाय थोडे उंच करावेत, कपडे सैल करावेत, भोवतीची गर्दी हटवावी. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. बरे वाटताच घाईने उभे करू नये. आधी बसवावे, मग काही वेळाने उठवावे. मिनिटाभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखू लागले, बोलणे अडखळले किंवा पडताना डोक्याला मार लागला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंग तापलेले आणि बोलणे असंबद्ध असेल तर तो उष्माघात समजावा. ओल्या कापडाने अंग गार करीत, वारा घालीत, विनाविलंब रुग्णालय गाठावे.

उद्यानाच्या व्यवस्थापकांकडे मागणे मोठे नाही. रांगेवर सावली, कडेला दोन बाके, पाण्याचा माठ आणि ज्येष्ठांच्या हाती नंबराचे टोकन. एवढे असले तर कोणाला पुढे सोडावे, हा फाटकावरच्या पोराचा पेच बराचसा सुटेल.

दिवाळीच्या सुटीत नातू पुन्हा आला होता. एका संध्याकाळी आम्ही दोघे गर्दीच्या बागेत गेलो. पाळण्यापाशी रांग होती. त्याने मला बाकावर बसविले, माझी काठी बाकाला टेकवून ठेवली आणि स्वतः जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. पुढच्या काकूंना त्याने काहीतरी सांगितले. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले आणि मान हलविली. पंचवीस मिनिटे लागली. मी वाऱ्यात बसून येणारी-जाणारी माणसे पाहत होतो. मग त्याने दोन्ही हात हलवून हाक मारली, "आबा, चला! नंबर आला आपला!"